हातचा एक

दर महिन्याला मी एकच प्रश्न विचारते:
बारा तारीख ज्या आठवड्यात पडली
त्या आठवड्यात तुमच्याकडे पगारावर किती माणसं होती?
तेराला मेला तरी धरायचा.
आठवडा उलटल्यावर लागलेला पुढच्या महिन्यात.
नियम मी केलेले नाहीत.
मी लिंकनला, खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर बसते,
हेडफोनचा स्पंज झिजलाय,
खिडकीतून नेब्रास्का राज्य म्हणून जे दिसतं
ते पार्किंग आहे.

सीडर बेंडच्या ह्रुबी हार्डवेअर अँड फर्निचरमध्ये
फोन लोरेटा उचलायची.
एकोणीस वर्षं आवाज ओळखते, चेहरा नाही.
आधी हवा सांगायची.
गारा कुठवर आल्या, मका कुणाचा झोपला.
मग खुर्ची करकरायची, रजिस्टर ओढल्याचा आवाज,
आणि ओठातल्या ओठात नावं:
ड्वेन, मार्लिस, धाकटा ओर्विल, चाव्या करणारा एल्डन...
अकरा, म्हणायची. लिही अकरा.

अकराचे नऊ झाले. नऊचे सहा.
सहाच्या महिन्यात तिनं हवा सांगितली नाही.

राज्याच्या तक्त्यात सहा म्हणजे काय?
शेवटची शून्यं जुळवताना गळून पडतात,
चाळणीखाली कोंडा पडतो तसे.
शिवाय आम्ही डिसेंबरमधून डिसेंबर काढून टाकतो,
जुलैमधून जुलै.
ऋतू वजा करायचं सूत्र आहे, बरं चालतं.
एकदा टीमनसाहेबांना विचारलं,
हवा वजा केल्यावर माणसाजवळ राहतं काय?
भला माणूस. चष्मा पुसत म्हणाले,
राहतो तो कल.

ऑक्टोबरात विक्रीचे आकडे आले.
ते कराच्या चलनांवरून येतात, त्यांना फोन करावा लागत नाही.
तिच्या काउंटीत किरकोळ विक्री एकदम वर,
इतकी, की मी चलनं दोनदा तपासली.
बरोबर होती.
अहवालातलं वाक्य माझंच आहे:
'पश्चिमेकडील ग्राहकांमध्ये उत्साहाचे वातावरण.'

मग बारा तारखेचा फोन.
किती?
एक.
(खुर्ची करकरली नाही. विकली असणार.)
एक कोण?
मीच की. कुलूप कुणी घालायचं?
सत्तर टक्के सूट लावली, म्हणाली,
तर रांग बँकेच्या कोपऱ्यापर्यंत.
जे वर्षानुवर्षं फिरकले नाहीत ते आले,
बिजागऱ्या मुठीमुठीनं नेल्या,
एकानं तर भिंतीवरच्या घड्याळाची किंमत विचारली,
चालू होतं ते, तसंच काढून दिलं.
अशी विक्री आमच्याकडे कधी झालीच नव्हती बघ.

मी लिहिलं, एक.

जानेवारीत तिनं फोन केला. पहिल्यांदाच तिनं, मला.
सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात असते,
संध्याकाळी हायवेवरच्या पेट्रोल पंपावर.
दोन्हीकडे अर्धवेळ, दोन्हीकडे विमा नाही,
दोन्हीकडचे शर्ट वेगळे.
मला आता दोनदा मोजशील ना? म्हणाली, आणि हसली.
मोजायचीच.
आम्ही नोकऱ्या मोजतो, माणसं नाही.
तिची एक गेली, दोन आल्या:
राज्यात एक वाढली.

तिसरीत बाई बेरीज शिकवायच्या
तेव्हा हातचा समासात लिहायला लावायच्या,
पेन्सिलीनं, हलक्या हातानं,
गणित सुटलं की खोडायला.
लोरेटा, मी कागद उजेडात धरून पाहिलाय,
खोडलेलं दिसतं.

आज बारा.
बोटं सवयीनं ह्रुबीचाच नंबर दाबतात.
तारेच्या त्या टोकाला मोकळं दुकान वाजतं.
कुणी उचललं नाही तर शून्य लिहायचं नसतं,
रकाना कोरा सोडायचा.
सहा वेळा वाजू द्या, असं नियमात आहे.
मी अकरा वेळा वाजू देते.